कोळशाची खाण, खजाना बावडी आणि अज्ञानाचा हक्क



आजचा विषय पाण्याचा आहे, पण सुरुवात कोळशापासून करतो. बीड जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा कोळसासुद्धा बाहेरून, रेल्वेने येतो. तरीही बीडच्या शेतकऱ्याच्या विहिरीचा एका कोळशाच्या खाणीशी संबंध आहे, असं माझं म्हणणं आहे. ती खाण इंग्लंडमधल्या लँकेशायरची.

तिथे एका कापूस गिरणीवाल्याने १८२१ साली गिरणीसाठी विहीर खणली. १८३७ मध्ये सुमारे पाऊण मैलावर शेजाऱ्याने कोळशाची खाण खोदली आणि तीनेक वर्षांनी आणखी जवळ दुसरी. गिरणीवाल्याचं पाणी तुटलं. प्रकरण कोर्टात गेलं. ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. १८४३ मध्ये निकाल लागला आणि गिरणीवाला हरला.

का हरला, हे मला तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. मुख्य न्यायाधीश टिंडल यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : नदी डोळ्यांना दिसते. वरचा आणि खालचा असे दोघेही तिचा प्रवाह पाहतात, म्हणून एकमेकांचा हक्क मानतात. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे कोणालाच माहीत नाही. जे माहीत नाही त्याबद्दल दोघांची संमती होती असं कसं मानायचं? शिवाय चार घरांच्या विहिरीसाठी शेजारच्या जमिनीतलं मोलाचं खनिज अडवून ठेवणं कोर्टाला पटलं नाही. तेव्हा ज्याची जमीन, त्याचं खालचं पाणी.

म्हणजे काय झालं बघा. ‘आम्हाला माहीत नाही’ या वाक्यातून ‘म्हणून मला हक्क आहे’ हे वाक्य निघालं. मी याला अज्ञानाचा हक्क म्हणतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात हाच विचार उतरला : ठरावीक वाटेने न वाहणारं भूमिगत पाणी जमीनमालकाने आपल्या हद्दीत हवं तसं काढावं. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तिथे आपोआप चालत नव्हता. पण कल्पनेला सरहद्द नसते. ‘माझं रान, माझं पाणी’ हे आज आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं, की त्यालाही इतिहास आहे हे आपण विसरतो.

आता या निकालाच्या २६० वर्षं मागे जाऊ. बीड शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. स्थापत्यकार म्हणून राजा भास्कर यांचं नाव सांगतात. या विहिरीला तीन भुयारी वाटा आहेत. दोन वाटांनी पाणी आत येतं आणि तिसऱ्या वाटेने बाहेर पडून उत्तरेकडच्या शेतांना जातं. बाहेर पडणाऱ्या पाण्याला मोट लागत नाही, पंप लागत नाही, उतार पुरतो. दुष्काळातही न आटणारी विहीर अशी तिची ख्याती आहे.

लोक तिला चमत्कार म्हणतात. मला तिच्यात हिशोब दिसतो. बाहेरची वाट ज्या उंचीवर आहे, तिच्या वर चढेल तेवढंच पाणी शेताला जाणार. त्याखालचं पाणी या वाटेने उपसताच येत नाही. विहिरीच्या बांधणीतच मर्यादा आहे. आणि दुसरी गोष्ट : भूगर्भातलं पाणी इथे पुन्हा पाटाचं पाणी होतं. वरचं आणि खालचं पाणी एकच, हे त्या बांधकामाने गृहीत धरलेलं आहे.

आपल्या जमिनीला हे गृहीतक लागू पडतं. बीडखाली बेसाल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे, थरावर थर आहेत. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांमध्ये. पावसाळ्यात मुरलेलं पाणी हळूहळू ओढ्याला पाझरतं. दिवाळीनंतर बिंदुसरेसारख्या नदीत जी धार दिसते, ती बरीचशी हीच. आणि नदीचं पाणी जिथे पातळी खाली असेल तिथे काठच्या विहिरींत जातं. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी आहे.

खाणीत हे उघड्यावर दिसतं. चंद्रपूर-वणीकडे उघड्या खाणीत साचणारं पाणी पंपाने नाल्यात सोडतात. काल ते भूजल होतं, आज नाल्याचं पाणी झालं. त्याने कोणी शेत भिजवलं तर त्यातलं थोडं परत मुरतं. भोवतालच्या विहिरींची पातळी उतरते आणि नाला मात्र उन्हाळ्यातही वाहतो. नाला पाहणारा म्हणतो पाणी वाढलं, विहीर पाहणारा म्हणतो आटलं. दोघंही खरं बोलतात.

बीडमध्ये खाण नाही, पण खाणीचं काम बोअर करतात. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर वाढत गेले. खोल बोअर अनेक थर भेदून जातो, मग वरच्या थरातलं पाणी त्याच छिद्रातून खाली उतरतं आणि शेजारची उथळ विहीर कोरडी पडते. पुढे शेततळी आली. पावसाचं पाणी साठवावं हा हेतू चांगला. पण अस्तर घातलेली कित्येक तळी बोअरच्या पाण्याने भरली जातात, म्हणजे जमिनीत सुरक्षित असलेलं पाणी आपण उन्हात मांडतो. आणि पाण्याअभावी परळीचं केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं. कोळसा दुरून आणता येतो. पाणी तसं आणता येत नाही.

कायदा थोडा हलला आहे. १९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताला ५०० मीटरचं संरक्षण दिलं. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात शेती वा उद्योगासाठी ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींना त्याने मनाई केली. पण धरण एका खात्याकडे, भूजल दुसऱ्या यंत्रणेकडे, ही वाटणी आहेच. एकच थेंब दोन वह्यांत जमा होतो आणि खर्च मात्र एकदाच होतो.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याने बोअर घेऊ नये का? मी तसं म्हणत नाही. कर्ज काढून बोअर घेणारा माणूस चैन करत नसतो. तो थांबला तर शेजारी थांबेल याची त्याला खात्री नाही, ही त्याची खरी अडचण. म्हणून मर्यादा एकट्याने पाळता येत नाही, ती गावाने मिळून ठरवावी लागते.

१८४३ साली न्यायाधीशाला ‘माहीत नाही’ म्हणणं शक्य होतं, आणि ते प्रामाणिक होतं. आज पाणलोटनिहाय नकाशे आहेत, निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. अज्ञान गेलं, पण त्याच्यावर उभा राहिलेला हक्क अजून आपल्या वागण्यात शिल्लक आहे. माहीत असूनही जो शेजाऱ्याची विहीर आटवतो, त्याला टिंडलसाहेबांचा आधार घेता येणार नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.