ठिणगीला लागणारा वेळ

विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या सनावळीतून सांगितला जातो. एखादे रूपक शास्त्राला कुठवर पुरले आणि कुठे अपुरे पडले, हे पाहू लागलो की तोच इतिहास साहित्याच्या अभ्यासकालाही जवळचा वाटतो. विजेच्या ठिणगीचा इतिहास ह्या प्रकारचा आहे.

दोन धातूंच्या अग्रांमधला वायू एरवी वीज अडवतो. विद्युत् दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तोच वायू प्लाझ्मा होऊन तिला वाट देतो. साठवलेली प्रचंड ऊर्जा क्षणार्धात सोडणाऱ्या अनेक यंत्रांतला स्विच म्हणजे ही ठिणगीच. ती मर्यादा वायूचा दाब आणि अग्रांमधील अंतर ह्यांच्या गुणाकारावर ठरते, हे फ्रीड्रिख पाशेन ह्यांनी १८८९ मध्ये दाखवले. ठिणगी किती विद्युत् दाबाला पडेल हे त्यांनी सांगितले. तिला वेळ किती लागेल, हा प्रश्न उरला.

विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन टाउनसेंड ह्यांच्या सिद्धांताने ठिणगीला हिमलोटाचे रूपक मिळवून दिले. एक इलेक्ट्रॉन अणूवर आदळून दुसरा मोकळा करतो, दोहोंचे चार होतात आणि लोट वाढत जातो. मागे उरलेले धन आयन ऋणाग्रापर्यंत जाऊन नवे इलेक्ट्रॉन बाहेर काढतात व पुढचा लोट सुरू होतो. पण आयन जड आणि मंद. सर्वसाधारण हवेत एक सेंटिमीटर कापायला त्यांना दहा-पंधरा मायक्रोसेकंद लागतात. १९२० च्या दशकात आखेन येथे वाल्टर रोगोव्स्की ह्यांनी वेगवान ऑसिलोग्राफने मोजणी केली, तेव्हा ठिणगी मायक्रोसेकंदाच्या लहानशा अंशातच पडत असल्याचे आढळले. एवढ्या अवधीत आयन जागचे जेमतेम हललेले असत.

चूक कुठे होती? त्या गणितात विद्युत् क्षेत्र बाहेरून लादलेले आणि स्थिर मानले होते. १९३० च्या दशकात हाइन्ट्स रेटर ह्यांनी क्लाउड चेंबरमध्ये लोटांची छायाचित्रे घेतली. लोटात सुमारे दहा कोटी इलेक्ट्रॉन जमले की त्याचे स्वतःचे क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राच्या तोडीचे होते, हे त्या कामातून स्पष्ट झाले. मग लोट उतारावरून नुसता घसरत नाही, उतारच बदलतो. त्याच्या प्रकाशाने पुढचा वायू आयनित होतो आणि एक तेजस्वी शलाका वेगाने पुढे सरकते. १९४० च्या सुमारास रेटर आणि, त्यांच्याहून स्वतंत्रपणे, जॉन मीक व लेनर्ड लोब ह्यांनी ह्या 'स्ट्रीमर'ची उपपत्ती मांडली. टाउनसेंड खोटे ठरले नाहीत. कमी दाबाच्या वायूत आणि लहान अंतरांत त्यांचे गणित आजही लागू पडते.

संगणकावरील प्रतिमाने हाच धडा गिरवतात: कण हलवायचे, बदललेले क्षेत्र पुन्हा मोजायचे, मग कण पुन्हा हलवायचे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या 'झेड' यंत्रात छत्तीस विभागांतील वायू-स्विच लेसरने पेटवले जातात. सुमारे २.६ कोटी अँपिअरचा प्रवाह एका ठिकाणी यायचा, तर त्या ठिणग्यांची वेळ नॅनोसेकंदांच्या हिशेबात जुळावी लागते.

आपल्या वाङ्मयेतिहासांचे पहिले प्रकरण बहुधा 'राजकीय-सामाजिक पार्श्वभूमी' हे असते. ते संपले की पार्श्वभूमी स्थिर होते आणि ग्रंथ तिच्यावरून घरंगळू लागतात. ग्रंथांनीच ती पार्श्वभूमी केव्हा बदलली, हे मोजायचे राहून जाते. टाउनसेंडच्या गणितात राहिले होते तेही हेच.