मदतीचा हिशेब

बंडाळीने पोखरलेल्या आणि मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापाराने ग्रासलेल्या देशास परक्याने पैसा दिला, तर त्याचे मोल कशावरून ठरवावे? हा प्रश्न दक्षिण अमेरिकेतील कोलंबियासंबंधी वारंवार विचारला जातो. आमच्या भडगावच्या आसमंतात तो दोनशे वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता.

१८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुडा व सातमाळा ह्या डोंगरांतील घाट भिल्ल नाईकांनी रोखून धरले होते. कॅप्टन ब्रिग्ज याने फौज पाठविली, नाईकांस नेमणुकाही करून दिल्या. तथापि पुंडावा शमेना. १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन याने निराळी वाट धरली. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या; भडगाव-चाळीसगावकडील मुलूख दक्षिण एजन्सीत आला. मागील गुन्ह्यांस माफी, कसावयास जमीन, बीबियाणास तगाई, असा क्रम ठरला. धरणगावास लेफ्टनंट औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली. हळूहळू वाटा वाहत्या झाल्या.

त्याच सुमारास सातपुड्यापलीकडे कंपनीने दुसरा प्रयोग केला. माळव्याची अफू दमणमार्गे चीनला जाई आणि कंपनीच्या बंगाली अफूचा भाव पाडी. म्हणून होळकर व राजपुतान्यातील काही संस्थानिक यांच्याशी करार करून, लागवड व वाहतूक रोखण्याबद्दल त्यांस पैसा देऊ केला. शिंदे सरकार त्यात आले नाही. भरपाई दरबारास मिळाली. कुणब्याच्या पदरात काहीच पडले नाही. माल आडवाटेने जाऊ लागला. १८३०च्या सुमारास कंपनीने तो नाद सोडला आणि त्याच अफूवर परवान्याचा कर बसवून तिजोरी भरली!

कोलंबियात २००० सालापासून पंधरा-सोळा वर्षांत अमेरिकेने सुमारे हजार कोटी डॉलर ओतले. त्यांतील बराच भाग लष्कर व पोलीस यांवर गेला. बंडखोर दुबळे झाले, आणि २०१६ साली फार्क संघटनेशी तह झाला, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु कोकाची लागवड २०१३ साली सुमारे ४८ हजार हेक्टरांवर उतरली होती, ती २०१७ साली १ लाख ७१ हजारांवर गेली. बंडाच्या हिशेबी यश, पिकाच्या हिशेबी अपयश. माळव्याचा धडा तेथे पुन्हा गिरविला गेला.

मग खानदेशचा प्रयोग निर्दोष होता काय? तसेही म्हणवत नाही. सेंधव्याचा घाट राखण्याच्या चाकरीत राहिलेला खाज्या नाईक १८५७ साली उलटला, त्याने सरकारी खजिना लुटला. पुढील एप्रिलात आंबापाणीची लढाई झाली. आणि शंभराहून अधिक वर्षांनी, १९७२च्या सुमारास, हातची गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी शहादे तालुक्यातील भिल्लांस चळवळ उभारावी लागली. शांतता सरकारच्या दप्तरी जमा झाली; जमीन मात्र भिल्लांच्या नावे टिकली नाही.

ह्यावरून आम्हांस एवढेच दिसते की, किती पैसा दिला, किती बंदुका पोचल्या, किती पीक जाळले, हे देणाऱ्याचे हिशेब होत. घेणाऱ्याचा हिशेब साधा असतो: देणारा निघून गेल्यावर कसणाऱ्याच्या हाती काय उरले? तो मांडल्याविना कोणत्याही मदतीस यशस्वी म्हणण्याची घाई सुज्ञांनी करू नये.