कणगीतली बाजरी, पिशवीतली बाजरी

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात पेरणीच्या दिवसांत कुणालाही विचारा, "बाजरी कुठली पेरली?" उत्तरात कंपनीचं नाव येतं, नाहीतर नुसता एखादा नंबर. हाच प्रश्न साठ-पासष्ट वर्षांपूर्वी विचारला असता तर समोरच्याने आपल्याकडे येड्यासारखं बघितलं असतं. कुठली म्हणजे? घरची!

तर आजचा लेख या 'घरची'पासून पिशवीपर्यंतच्या प्रवासाबद्दल.

आधी थोडा हिशेब. बाजरीचा दाणा बारीक, त्यामुळे एकराला दीड किलो बी पुरतं. भुईमुगाला चाळीसेक किलो लागतं. म्हणजे बाजरीचं बी राखायला शे-पन्नास टपोरी कणसं निवडली की झालं. हे काम बहुतेक घरात बायकांचं. कणसं वाळवायची, राख नाहीतर लिंबाचा पाला घालून उतरंडीत ठेवायची.

पण यात एक गंमत आहे. बाजरीचे परागकण वाऱ्यावर उडतात आणि एका शिवारातले दुसऱ्या शिवारात जातात. म्हणजे ज्याला आपण 'घरची' म्हणतो ती खरं तर गावची बाजरी. दरवर्षी सगळ्या गावाचं बी आपोआप मिसळत राहायचं. आणि हा काळ काही रामराज्य नव्हता बरं का. जेठ महिन्यात ज्याची कणगी रिकामी, त्याला सवाई-दिढीने बी उचलावं लागे. पायली घेतली की सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत. उत्पन्नही बेताचंच.

मग 1965 साल आलं. लुधियानाला डॉ. अठवाल यांनी देशातली पहिली संकरित बाजरी काढली, एचबी-1. बाजरीच्या कणसात हजारो बारीक फुलं असतात, त्यामुळे हाताने संकर करणं अशक्य. म्हणून जिला स्वतःचे परागकणच होत नाहीत अशी 'आई' लागते. ती मिळाली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनहून. नाव टिफ्ट 23ए. उत्पन्न गावठी बाजरीच्या जवळपास दुप्पट! आपल्या शेजारी जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये महिको सुरू केली होतीच. बियाणं हा धंदा होऊ शकतो हे मराठवाड्याने तिथे पाहिलं. 'हायब्रेट' हा शब्द गावोगाव पोचला.

फक्त एक अट होती. हायब्रीडचं बी घरी राखून परत पेरलं की पीक सारखं येत नाही. एक ताट उंच, एक बुटकं, उत्पन्न घसरलेलं. म्हणजे दरवर्षी नवी पिशवी. पण दीड किलोला असे कितीसे पैसे लागणार? ज्या कमी वजनामुळे बी राखणं सोपं होतं, त्याच कमी वजनामुळे ते विकत घेणंही परवडलं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. एखाद्या ऑफिसात सगळ्या मशीनवर एकच सॉफ्टवेअर असलं की सांभाळायला सोपं जातं, पण व्हायरस आला की सगळीच मशीन एकदम झोपतात. एचबी-1 ते एचबी-5, पाचही वाणांची आई एकच होती, टिफ्ट 23ए. आणि तिला केवडा रोग सहन होत नव्हता. आपल्याकडे त्याला गोसावीही म्हणतात, कारण कणसात दाण्याऐवजी जटांसारखी पानं फुटतात. 1970-71 साली देशात सुमारे 80 लाख टन बाजरी झाली होती. तो उच्चांक होता. 1974-75 मध्ये ती निम्म्याहूनही कमी झाली. त्यात दुष्काळाचा वाटा मोठा होता हे खरं, पण गोसाव्यानेही हात धुऊन घेतला. गावठी बाजरीत काही ताटं मेली तरी काही तग धरायची. इथे सगळी एकाच आईची लेकरं.

यावरचा एक इलाज आला कुठून? थेट पश्चिम आफ्रिकेतून! बाजरी मूळची तिथलीच. मालीमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीचे पुरावे मिळालेत. नायजर, मालीकडचे बहुतेक शेतकरी आजही घरचंच बी पेरतात. टोगोच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या अशाच एका टपोऱ्या, लवकर येणाऱ्या बाजरीतून हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने निवड करून आयसीटीपी 8203 हा वाण तयार केला. 1988 मध्ये तो महाराष्ट्रासाठी आला आणि इथे रुळला. तो हायब्रीड नाही, त्यामुळे त्याचं बी राखता येतं. त्यातूनच पुढे 2012 मध्ये जास्त लोह असलेली 'धनशक्ती' निघाली.

म्हणजे बघा, जी सवय आपण मोडली तीच टोगोच्या कुठल्याशा घरात टिकली, म्हणून आपल्याला बी मिळालं.

हायब्रीडवाल्यांनीही धडा घेतला. आया बदलल्या, वाण वाढले. राहुरीच्या विद्यापीठाने तर आपल्या हायब्रीडांना 'श्रद्धा' आणि 'सबुरी' अशी नावं दिली (शिर्डी जवळच आहे म्हणा! :)). आता प्रश्न उत्पन्नाचा राहिलेला नाही. 2002 नंतर बीटी कापूस आला आणि गेवराईकडच्या रानांत त्याने जम बसवला. बाजरी उरली ती मुख्यतः खाण्यापुरती आणि सरमाडापुरती.

यात कुणी कुणाला फसवलं असं मला वाटत नाही. ज्याच्या घरात जेठात दाणा नसायचा त्याने पिशवी घेतली, आणि बरोबरच केलं. पण मग वाटतं, निदान खाण्यापुरती तरी घरची बाजरी परत लावायला काय हरकत आहे?

हरकत आहे ती वाऱ्याची. एकट्याने धनशक्ती पेरून बी राखायचं म्हटलं तरी शेजारच्या हायब्रीडचे परागकण येणारच. दोन-तीन वर्षांत त्या बियाण्यात भेसळ होते. पिशवी एकट्याला आणता येते, घरचं बी मात्र एकट्याला राखता येत नाही. त्यासाठी निदान चार शेजाऱ्यांनी बांधावर बसून ठरवावं लागेल. पूर्वी हे ठरवावं लागत नव्हतं, कारण सगळ्यांची कणगी एकाच बियाण्याची होती.

असो. भाकरी मात्र अजून चुलीवरचीच चांगली लागते. भेटू पुढच्या शनिवारी.