पदार्थविज्ञानाच्या घरचें बिऱ्हाड

विद्यापीठांचा इतिहास म्हणजे इमारतींचा, देणग्यांचा व कुलगुरूंचा इतिहास, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु कोणत्या विद्येनें कोणत्या विद्येस आपल्या घरांत जागा दिली, हा इतिहास आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची हकीकत याच दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

मॅक्स पेरुट्झ हे तरुण रसायनज्ञ १९३६ सालीं व्हिएन्नाहून केंब्रिजला आले. रक्तास तांबडा रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून त्याची रचना शोधण्याचें काम त्यांनीं १९३७ सालीं आरंभिलें. कॅव्हेंडिश ही पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा. प्रथिनें हाताळण्याची सोय तेथें नव्हती. ती डेव्हिड केलिन यांनीं आपल्या मोल्टेनो संस्थेंत करून दिली. स्फटिक एका संस्थेंत तयार व्हावे व चित्रें दुसरींत घ्यावीं, असा हा दोन घरचा संसार होता. १९४० सालीं तर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून सरकारनें पेरुट्झ यांस स्थानबद्ध करून कॅनडास धाडलें. परत आल्यावर त्यांनीं तेंच काम पुन्हां हातीं घेतलें.

कॅव्हेंडिशचे प्रमुख सर लॉरेन्स ब्रॅग यांनीं या बिऱ्हाडकरूंची पाठराखण केली. १९४७ सालीं वैद्यकीय संशोधन मंडळाच्या साहाय्यानें पेरुट्झ व जॉन केंड्र्यू यांचें स्वतंत्र पथक त्याच छपराखालीं स्थापन झालें. तरीही यश दूरच होतें. चित्रांवरील ठिपके मोजतां येत. परंतु त्यांवरून रचना कशी काढावी, हें कळत नव्हतें. १९५३ सालीं पेरुट्झ यांनीं प्रथिनास पाऱ्याचे जड अणु जोडले व दोन्ही चित्रांतील फरकावरून ती वाट दाखविली. केंड्र्यू यांनीं आंकडेमोडीसाठीं विद्यापीठाच्या गणित-प्रयोगशाळेंतील एड्सॅक यंत्राचें साहाय्य घेतलें. मायोग्लोबिनची स्थूल रचना १९५८ सालीं व हिमोग्लोबिनची १९६० सालीं प्रसिद्ध झाली. १९६२ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. याच पथकांतील क्रिक व वॉटसन यांसही त्याच वर्षीं वैद्यकाच्या नोबेलांत वांटा मिळाला, आणि त्याच वर्षीं पथकास स्वतःची प्रयोगशाळा लाभली.

आरंभापासून हिमोग्लोबिनच्या रचनेपर्यंत तेवीस वर्षें गेलीं. इतक्या काळांत "हें पदार्थविज्ञान नव्हे" असें म्हणून बिऱ्हाड हालविणें कोणाही प्रमुखास सोपें होतें. तसें झालें नाहीं, यांतच त्या विद्यापीठाचें मोठेपण आहे. विद्यापीठाची श्रीमंती खोल्यांच्या संख्येवर मोजूं नये. परक्या विद्येस जागा देऊन फळाची वाट पाहण्याचा धीर त्याच्या अंगीं किती, यावर ती मोजावी, असें आम्हांस वाटतें.