देवीची लस : दंडावरून दंडावर

सातारा-सांगलीच्या शाळांत लसीकरणाविषयी बोलायला जातो तेव्हा आम्ही पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकांना बाही वर करायला सांगतो. बहुतेकांच्या हातावर पसरट, खोलगट वण सापडतात. "लहानपणी देवी काढल्या होत्या," असे उत्तर मिळते. मराठीची गंमत पाहा. रोगही देवी, तो आणणारीही देवी, आणि लस टोचणे म्हणजे देवी काढणे!

हा प्रामुख्याने मुलांचा आजार होता. देवी येऊन जो वाचला, त्याला त्या सहसा पुन्हा येत नसत. त्यामुळे विषाणूला नवे शरीर मिळे ते मुख्यतः लहान मुलांचे. लागण झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के दगावत.

१७९६ मध्ये जेन्नरने गाईच्या देवीची लस टोचून दाखवली. पण उष्ण हवेत ती थोड्याच दिवसांत निकामी होई. व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा प्रवास करून ती मुंबईला आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. हिंदुस्थानातले हे पहिले यश. आठवड्याने तिच्या फोडातला द्रव काढून आणखी पाच मुलांना टोचला. लस साठवण्याची बाटली म्हणजे मुलाचा दंड! साखळीतला एक दुवा चुकला की लस संपली.

चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला आले, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्याच ऑक्टोबरात होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. असल्या धामधुमीत बोरघाट, खंबाटकी ओलांडून लस जिवंत ठेवायची, तर वाटेत दर आठवड्याला नवे मूल हवे. मुंबई इलाख्यात गावोगाव फिरून देवी काढणारे नेमले गेले ते १८२७ पासून. सातारा तेव्हा वेगळे राज्य होते. ते १८४८ मध्ये खालसा झाले.

लोक मुले लपवत. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. आठव्या दिवशी पोराचा दुखरा फोड पुन्हा उघडायचा, तोही परक्या मुलांसाठी. कोणती आई हे खुशीने करू देईल? कोणत्या जातीच्या मुलाच्या दंडातली लस, हा प्रश्न होताच. शिवाय या पद्धतीने उपदंशासारखा रोगही एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊ शके, हे युरोपात पुढे सिद्ध झाले. भीती अगदीच निराधार नव्हती.

मुलांची यातून सुटका केली वासराने. त्याच्या कातडीवर लस वाढवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. पुढे बेळगावच्या लस संस्थेत अशी लस तयार होऊ लागली.

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला. विद्यार्थ्यांना घरच्या वडीलधाऱ्यांचे वण मोजायला सांगावे. देवी कुठे काढल्या, किती दिवस ताप होता, हेही विचारावे. बीसीजीचा वण लहान आणि बहुधा डाव्या दंडावर असतो. दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.