डोलकाठीवरील जागेचा तंटा
१८१२ च्या तहान्वये मालवण व सिंधुदुर्ग इंग्रजांच्या हवाली करून कोल्हापूर दरबाराने सागरी अंमल सोडला, तेव्हा डोलकाठीवर शिडे नि निशाण यांचीच वहिवाट होती. पुढे तेथे रडार आले. आणि १९७६ साली मॅरिसॅट उपग्रहांनी जहाजे आकाशाशी जोडली, तेव्हा क्षीण संदेश टिपणारी अँटेना रडारच्या प्रखर, आडव्या झोताच्या पातळीत न ठेवता तिच्या वर वा खाली, पुरेशा अंतरावर बसवावी, हा दंडक आवश्यक ठरला. उलट दिशेचा उपद्रव मात्र अधिक दारुण: ४ मे १९८२ रोजी, फॉकलंड युद्धात, ‘शेफील्ड’ या ब्रिटिश विनाशिकेचे उपग्रहाकडे संदेश-प्रक्षेपण चालू असताना शत्रूचे रडार हुडकणारे तिचेच यंत्र निरुपयोगी झाले, एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले, आणि २० जण प्राणास मुकले.