पेशीच्या दारावरची निवड आणि बंगळुरूचे संशोधन

सजीवाच्या प्रत्येक पेशीभोवती एक पटल असते. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहा हजारांव्या भागाहूनही कमी भरते. मेदाच्या रेणूंच्या दोन थरांनी बनलेल्या या पटलातून काय आत यावे आणि काय बाहेर पडावे, यावर पेशीचे जगणे अवलंबून असते. बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात या प्रश्नाच्या एका कमी परिचित बाजूवर १९९०च्या दशकापासून संशोधन झाले आहे.

ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड हे वायू मेदाच्या थरातून आपोआप पार होतात. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, ते परासरणामुळे. सोडियम, पोटॅशियम यांसारख्या विद्युतभारित कणांना मात्र मेदाचा थर ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे मार्ग आणि पंप असतात. डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली शोधलेला पंप दर फेरीला सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो, पोटॅशियमचे २ कण आत घेतो आणि त्यासाठी पेशीची ऊर्जा खर्च करतो. या शोधाला १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जलसंजीवनीतील साखरही चवीसाठी घातलेली नसते. आतड्याच्या पेशींवरील एक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेते व त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. पटकीच्या रुग्णातही हा मार्ग शाबूत राहतो. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत याच आधारे असंख्य प्राण वाचविले.

मोठ्या रेणूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी पटलाचा एक तुकडाच आत वळतो आणि त्याची सूक्ष्म पिशवी बनून पेशीत शिरते. या क्रियेला एंडोसायटोसिस म्हणतात. पेशीतील पदार्थ बाहेर सोडताना आतली पिशवी पटलाला येऊन मिळते. या दुसऱ्या क्रियेच्या अभ्यासाशी बंगळुरूच्या केंद्राचे संस्थापक संचालक ओबैद सिद्दीकी यांचे नाव जोडलेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील या शास्त्रज्ञाने सेमूर बेंझर यांच्यासमवेत १९७६ साली, तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील ‘कोमॅटोज’ या माशीतील दोष, पिशव्या पटलात मिसळण्याची यंत्रणा चालू ठेवणाऱ्या एका प्रथिनात असल्याचे पुढे उघड झाले.

सत्यजित मेयर यांनी १९९५ साली बंगळुरूच्या केंद्रात काम सुरू केले. मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्र शिकलेल्या मेयर यांनी निवडलेली प्रथिने पटलात आरपार रुतलेली नसतात. मेदाच्या लहानशा नांगराने ती केवळ बाहेरच्या थराला अडकलेली असतात. फोलेट या जीवनसत्त्वाला धरणारे ग्राही प्रथिन त्यांपैकीच एक होय. दोन चकाकणारे रेणू काही नॅनोमीटर इतके जवळ आले, की त्यांच्या प्रकाशात फरक पडतो. या गुणाचा वापर करून ही प्रथिने पटलावर विखुरलेली नसून त्यांचे काही पुंजके असतात, असे मेयर आणि रजत वर्मा यांनी १९९८ साली दाखविले. एका पुंजक्यात फार तर चार रेणू असतात, हे २००४ साली स्पष्ट झाले. दरम्यान २००२ साली, ही प्रथिने क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या परिचित जाळीवाचून, एका स्वतंत्र वाटेने आत जातात, हेही याच गटाने सिद्ध केले होते.

हे पुंजके बनवितो कोण, हा प्रश्न अधिक अवघड होता. १९७२ साली मांडलेल्या प्रचलित चित्रात पटल म्हणजे प्रथिने तरंगत असलेला मेदाचा द्रव होता. भौतिकशास्त्रज्ञ मदन राव यांच्यासह केलेल्या कामातून, विशेषतः २००८ व २०१२ सालच्या निबंधांतून, निराळे उत्तर पुढे आले. पटलाखालील ॲक्टिन तंतूंची हालचाल वरच्या रेणूंना एकत्र ओढते. म्हणजे जवळ येणे हे तेथे योगायोगावर सोडलेले नाही. पेशी त्यासाठी ऊर्जा मोजते. बंगळुरूच्या कामाचे महत्त्व प्रामुख्याने येथे आहे, नव्या वाटेच्या शोधापेक्षाही.

अशा ग्राही प्रथिनांत बिघाड झाल्यास काय होते, हे एका दुर्मीळ आजारात दिसते. रक्तातील फोलेट मेंदूभोवतीच्या द्रवात पोहोचविणारे ग्राही प्रथिन जन्मतः सदोष असेल, तर रक्तात जीवनसत्त्व पुरेसे असूनही मेंदू उपाशी राहतो. पहिली एक-दोन वर्षे नीट वाढणारे मूल चालणे-बोलणे विसरू लागते, त्याला झटके येतात. या आजारामागील जनुकीय दोष २००९ साली ओळखला गेला. फोलिनिक आम्ल दिल्यास अशा मुलांत सुधारणा होऊ शकते, म्हणूनच निदान वेळेवर होणे महत्त्वाचे ठरते.

पेशीची हीच दारे रोगजंतूही वापरतात. कोरोना विषाणूचा पेशीला चिकटणारा भाग २००२ साली सापडलेल्या त्याच वाटेने आत जाऊ शकतो, असे बंगळुरूच्या शास्त्रज्ञांना महासाथीच्या काळात आढळले. जंतावरील निक्लोसामाइड हे जुने औषध आत गेलेल्या पिशव्यांतील आम्लता घटवून हा प्रवेश रोखते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात म्हटले आहे. हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर करण्यात आले होते, रुग्णांवर नव्हे.